सरस्वती महाल आणि आमचीं चार कपाटें

(नभोवाणीवरील भाषण)

वय साठीच्या पुढें गेलें म्हणजे माणसाची प्रवासाची हौस ओसरते, असें म्हणतात. माझी तर ती मुळांतच बेताची होती. अडतीस वर्षें मीं एकाच शाळेंत मराठी व इतिहास शिकविला, आणि नकाशावर काठीनें जीं जीं गांवें मुलांना दाखविलीं त्यांतलीं फारच थोडीं स्वतः पाहिलीं. असा मी गेल्या हिवाळ्यांत एकदम तंजावरास जाऊन पोंचलों, तो हौसेखातर नव्हे, एका अडचणीपायीं.

अडचण अशी. आमच्या तालुक्याच्या गांवीं शंभर वर्षांहून जुनें एक सार्वजनिक वाचनालय आहे व मी त्याचा मानद चिटणीस आहें. वाचनालयाच्या मागल्या दालनांत चार सागवानी कपाटें आहेत. त्यांत छापील बखरी, मासिकांचे बांधीव अंक, विसाव्या शतकाच्या आरंभींचीं चरित्रें व नाटकें, आणि एका जुन्या घराण्यानें दिलेल्या थोड्याशा पोथ्या आहेत. गेल्या वर्षीं कार्यकारी मंडळापुढें अशी सूचना आली कीं, हीं पुस्तकें कोणी वाचीत नाहीं. तीं रद्दींत द्यावीं, कपाटें हलवावीं, आणि मोकळ्या होणाऱ्या जागेंत स्पर्धापरीक्षांना बसणाऱ्या मुलांसाठीं अभ्यासिका करावी. सूचना मांडणारी मंडळी कांहीं वाईट नव्हती. कित्येक मुलांना घरीं अभ्यासाला जागा नाहीं, हें मलाही ठाऊक होतें. मीं विरोध केला. पण "हीं पुस्तकें जुनीं आहेत" यापलीकडे मला एकही मुद्दा मांडतां येईना. शेवटीं निर्णय दोन महिन्यांनीं घ्यावयाचा ठरला. तेवढ्यांत ग्रंथपालांच्या एका परिषदेचें निमंत्रण आलें. स्थळ तंजावर, विषय जुन्या ग्रंथसंग्रहांचें जतन. मंडळानें मला पाठविलें. म्हाताऱ्याची समजूत पटावी, हाही त्यांत हेतु असेल.

चेन्नईस गाडी बदलून, एग्मोर स्थानकावरून रात्रीं निघालेला मी पहांटे तंजावरास उतरलों. कावेरीच्या खोऱ्यांतला हा भाताचा मुलूख. हवेंत ओल होती आणि घरोघरच्या उंबरठ्यापुढें पांढऱ्या रांगोळ्या उमटत होत्या. इथवर सर्व ओळखीचें वाटलें. पण दुकानांवरच्या पाट्यांकडे पाहिलें मात्र, आणि मी थबकलों. सर्वत्र तमिळ लिपि. मला एक अक्षर लागेना. ज्यानें जन्मभर लोकांच्या मुलांना अक्षरओळख करून दिली, तो मी त्या सकाळीं निरक्षर होऊन रस्त्यांत उभा होतों. मुक्कामाचें ठिकाण राजवाड्याजवळ, दक्षिण राजवीथीवर होतें. पत्त्याचा कागद पुढें करून मीं तीनदां विचारलें. तिन्ही वेळां लोकांनीं अगत्यानें सांगितलें, आणि तिन्ही वेळां मला तें समजलें नाहीं. अखेर एका कॉफीच्या दुकानदारानें मला बांकावर बसविलें, पितळी वाटी-पेल्यांतून कॉफी दिली, आणि एका शाळकरी मुलाला माझ्याबरोबर देऊन मला मुक्कामीं पोंचतें केलें. वाचतां न येणाऱ्या माणसाला जगांत कसें वाटत असेल, हें मला त्या अर्ध्या तासांत जितकें कळलें, तितकें अडतीस वर्षांत कळलें नव्हतें.

परिषदेचा पहिला दिवस स्वागतांत आणि भाषणांत गेला. ताडपत्रांचीं छायाचित्रें यंत्रानें कशीं घ्यावीं, तीं कशीं सांठवावीं, यांवर विद्वान् मंडळी बोलत होती. माझ्या पदरीं त्यांतलें थोडेंच पडलें. तिसऱ्या प्रहरीं मात्र सर्व प्रतिनिधींना राजवाड्याच्या आवारांतील सरस्वती महाल ग्रंथालय पाहावयास नेण्यांत आलें, आणि तेथें माझ्यांतला इतिहासाचा मास्तर जागा झाला.

तंजावरचें मराठी राज्य शिवछत्रपतींचे सावत्र बंधु व्यंकोजीराजे यांनीं १६७५च्या सुमारास स्थापिलें. १८५५ पर्यंत, म्हणजे पुण्याची पेशवाई बुडाल्यावरही सदतीस वर्षें, त्या घराण्याची गादी तेथें होती. पण ग्रंथसंग्रहाचा आरंभ याहून जुना आहे. मराठ्यांच्या आधीं तेथें नायक राजे होते. त्यांतला रघुनाथ नायक हा स्वतः संस्कृत व तेलुगू भाषांचा पंडित आणि कवि. त्या राजांच्या वेळचें पोथ्यांचें भांडार मराठ्यांच्या हातीं आलें, आणि त्यांनीं तें सांभाळलें व वाढविलें. मात्र आज ज्यांच्या नांवानें हें ग्रंथालय ओळखलें जातें, ते सरफोजीराजे दुसरे. त्यांचा जन्म १७७७ सालचा.

या राजांची कथा शिक्षकानें तरी मुद्दाम ऐकावी अशी आहे. तुळजाजीराजांनीं १७८७ सालीं, मरणापूर्वीं थोडेच दिवस, त्यांना दत्तक घेतलें. पण मूल लहान होतें आणि गादी चुलत्याकडे, अमरसिंगाकडे गेली. या मुलाचा सांभाळ व शिक्षण श्वार्ट्झ नांवाच्या जर्मन पाद्र्यानें पाहिलें, आणि राजवाड्यांत धोका आहे असें दिसतांच त्याला मद्रासेस पाठविण्याची व्यवस्था केली. १७९८च्या फेब्रुवारींत गुरु वारला. त्याच वर्षीं शिष्य गादीवर बसला. त्या गुरूच्या अंतकाळचा प्रसंग राजांनीं इंग्लंडांतील फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरांत कोरवून घेतला. शिवगंगा तळ्याजवळच्या देवळांत, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांत, तें शिल्प मीं पाहिलें. अंथरुणावर म्हातारा मास्तर, आणि त्याचा हात हातीं घेऊन उभा असलेला राजा. राजांनीं आपला धर्म सोडला नाहीं आणि गुरूचें ऋणही विसरले नाहींत.

गादीवर बसून पुरतें दीड वर्षही झालें नाहीं, तोंच १७९९च्या तहानें राज्याचा कारभार कंपनी सरकारनें आपल्याकडे घेतला. राजांकडे तंजावरचा किल्ला, तनखा आणि वसुलाचा पांचवा हिस्सा, एवढेंच उरलें. त्या वेळीं ते बाविशींत होते. राज्य गेलेले आणि तनखा राहिलेले राजे पुढें काय करतात, हें आपण इतिहासांत पुष्कळदां वाचतों. सरफोजीराजांनीं शाळा काढल्या. १८०५च्या सुमारास देवनागरी छापखाना घातला, आणि इसापाच्या गोष्टींचें 'बालबोधमुक्तावली' नांवाचें मराठी भाषांतर तेथें छापवून घेतलें. पेशवाई अद्याप उभी होती आणि इकडे पुण्यांत छापखाना नव्हता, तेव्हां कावेरीकांठच्या मराठी मुलाच्या हातांत छापील गोष्टींचें पुस्तक पडलें होतें! राजांना वैद्यकाचा नाद होता. डोळ्यांच्या रोग्यांचीं टिपणें, रंगीत चित्रांसह, त्या ग्रंथालयांत आजही जपून ठेवलेलीं आहेत. १८२० सालीं ते सुमारें तीन हजार माणसांच्या लवाजम्यासह काशीयात्रेस निघाले, तेव्हां वाटेंत आणि काशींत त्यांनीं पोथ्या मिळविल्या, नकला करविल्या. युरोपांतून इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन ग्रंथ मागविले. त्यांतल्या पुष्कळ पुस्तकांवर त्यांची स्वतःची इंग्रजी सही आहे. १८३२ सालीं ते वारले.

आज त्या संग्रहांत सुमारें एकूणपन्नास हजार हस्तलिखितें आहेत. बहुतेक संस्कृत, तमिळ आणि मराठी प्रत्येकीं तीन हजारांच्या आसपास, शिवाय तेलुगू. प्रदर्शनाच्या दालनांत मीं ताडपत्रावर नखाएवढ्या जागेंत कोरलेलीं अक्षरें पाहिलीं. जॉन्सनचा इंग्रजी कोश पाहिला. माणसांचे चेहरे पशुपक्ष्यांच्या मुखांशीं ताडून दाखविणारीं फ्रेंच चित्रकार ल ब्रून याचीं चित्रें पाहिलीं. घरांतील गृहिणींना ऐकून मौज वाटेल अशीही एक गोष्ट तेथें समजली. पोथ्यांना कसर लागूं नये म्हणून वेखंड, काळें जिरें, लवंग, मिरें व दालचिनी यांची पूड कापरासह कापडाच्या पुरचुंडींत बांधून पोथ्यांजवळ ठेवण्याची तेथील जुनी रीत आहे. मसाल्याच्या डब्यांतल्या चार जिनसांनीं शास्त्रें राखलीं!

येथपर्यंत ऐकून माझी छाती फुगली होती. मंडळापुढें सांगावयाचा मुद्दा सांपडला, असें मला वाटलें: पाहा, मराठ्यांच्या एका राजानें पुस्तकें कशीं जपलीं! पण पुढची हकीकत ऐकली, आणि हा मुद्दा अर्धाच आहे, हें ध्यानांत आलें.

सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे १८५५ सालीं पुत्रहीन वारले. कंपनी सरकारनें राज्याबरोबर राजवाड्यांतील मालमत्ताही ताब्यांत घेतली. राणी कामाक्षीबाईसाहेबांनीं दावा लावला. तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, आणि १८५९ सालीं असा निकाल झाला कीं, हें सरकारचें राजकीय कृत्य आहे; त्याची चौकशी न्यायालयाला करतां येत नाहीं. पुढें खासगी मालमत्ता सरकारनें आपण होऊन घराण्याला परत दिली. संग्रह राजवाड्यांतच राहिला. पण राजा नाहीं, आश्रय नाहीं, आणि आंत काय आहे हें बाहेरच्या जगाला ठाऊक नाहीं, अशी त्याची स्थिति होती. बंद दालनांतली पोथी कसरीच्या हवालीं असते. ती नाहींशी झाली तरी कोणाला कळतही नाहीं.

या स्थितींतून ती पोथी सुटली, ती प्रथम एका यादीमुळें. आर्थर बर्नेल नांवाचा इंग्रज गृहस्थ तंजावरास न्यायाधीश होता. कचेरीचें काम सांभाळून त्यानें राजवाड्यांतील संस्कृत हस्तलिखितांची वर्गवार सूची तयार केली. ती १८८० सालीं छापून निघाली, आणि तंजावरास काय आहे हें सर्व पंडितजगताला कळलें. 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा प्रसिद्ध कोश ज्या दोघांच्या नांवावर आहे त्यांतला हा एक. पण तो कोश १८८६ सालीं निघाला तेव्हां बर्नेल हयात नव्हता. १८८२ सालीं, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षीं, तो वारला. त्यानंतर १९१८च्या ऑक्टोबरांत हा संग्रह राजघराण्याकडून सार्वजनिक झाला; दार सर्वांना उघडलें. १९२८ पासून पी. पी. एस. शास्त्री यांनीं संस्कृत हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची एकोणीस खंडांत सिद्ध केली. राजांनीं जमविलें, सूचीकारांनीं मोजलें, मग दार उघडलें. यांतली एक पायरी जरी चुकती तरी मला त्या दिवशीं दालनांत पाहावयास काय उरलें असतें, हा विचार मनांतून जाईना.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं परिषदेला अवकाश होता, म्हणून मी बृहदीश्वराच्या देवळांत गेलों. बरोबर एक तमिळ ग्रंथपाल होते. हें देऊळ राजराज चोळ राजानें बांधविलें व १०१० सालीं तें पुरें झालें. शिखराची उंची दोनशें फुटांवर आहे, हें आपण ऐकलेलें असतें. पण माझें लक्ष वर न जातां खालीं, जोत्याच्या दगडांवर खिळलें. सर्व जोतें अक्षरांनीं भरलेलें. "हें काय लिहिलें आहे?" म्हणून मीं विचारलें. सोबत्यानें सांगितलें कीं, देवाच्या सेवेंतील चारशें नर्तकींचीं नांवें येथें आहेत: ती कोणत्या गांवाहून आली, कोणत्या आळींत, कोणत्या बाजूच्या कितव्या घरांत राहते, आणि तिला भाताचा वाटा किती. हजार वर्षें झालीं. तीं घरें नाहींत, त्या आळ्या नाहींत. पण नांव, गांव आणि घराचा क्रमांक शाबूत आहे. मोठ्या राजाचें मोठेपण मला शिखरापेक्षां त्या हजेरीपटांत अधिक दिसलें. मास्तर असल्याचा परिणाम असेल.

तेथून आम्ही आवाराच्या नैर्ऋत्येकडे वळलों. ओंवरीच्या भिंतीकडे मी सहज पाहिलें, आणि जागच्या जागीं उभा राहिलों. दोन दिवस जगांतलें एकही अक्षर मला वाचतां येत नव्हतें, आणि आतां समोर दगडावर देवनागरी होती. भाषा मराठी होती! हा भोसले घराण्याचा शिलालेख. सरफोजीराजांच्या आज्ञेवरून त्यांचे चिटणीस बाबूराव यांनीं तो १८०३ सालीं सिद्ध केला. सबंध घराण्याची बखरच भिंतीवर उतरविलेली आहे. मीं चष्मा पुसला आणि मोठ्यानें वाचूं लागलों. माझे सोबती, ज्यांनीं दोन दिवस मला प्रत्येक पाटी वाचून दाखविली होती, ते आतां माझ्या तोंडाकडे पाहूं लागले. "याचा अर्थ सांगा," ते म्हणाले. मीं सांगितला. एकमेकांचें ऋण आम्ही असें फेडलें.

१८०३ हें साल मराठी माणसाला विसरतां येत नाहीं. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत असईच्या रणांगणावर शिंदे व नागपूरकर भोसले यांचा पराभव झाला. इकडे तंजावरास राज्य चार वर्षांपूर्वींच गेलेलें होतें, आणि एक चिटणीस घराण्याचा इतिहास अशा जागीं कोरवीत होता कीं, येणाऱ्याजाणाऱ्या कोणालाही तो पाहतां यावा. कुलुपाच्या आड नव्हे, भिंतीवर. मीही चिटणीसच. मला माझीं चार कपाटें आठवलीं आणि मनाला कांहीं टोंचलें. पण काय टोंचलें तें त्या वेळीं नीट उमगलें नाहीं.

तें तिसऱ्या दिवशीं उमगलें. त्या सकाळीं एका वक्त्यानें त्या काळच्या तंजावर जिल्ह्यांतल्याच दोन गोष्टी सांगितल्या. पहिली शियाळी गांवीं १८९२ सालीं जन्मलेल्या रंगनाथनांची. ते गणिताचे शिक्षक. १९२४ सालीं मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. आणि त्यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचीं पांच सूत्रें मांडलीं. पुस्तकाचें सार्थक वापरांत आहे, हा त्या सूत्रांचा पाया. दुसरी गोष्ट मन्नारगुडीची. त्याच वर्षीं, १९३१च्या ऑक्टोबरांत, कनकसभै पिळ्ळै या गृहस्थांनीं पुस्तकांनीं भरलेली बैलगाडी सिद्ध केली, आणि ती आसपासच्या खेड्यांतून फिरूं लागली. माणसें पुस्तकांकडे येत नाहींत, तर पुस्तकांनीं माणसांकडे जावें, एवढा साधा विचार त्यामागें होता. स्वतंत्र भारतांतला पहिला ग्रंथालय कायदा १९४८ सालीं याच मद्रास प्रांतांत झाला. त्याआधीं १९४५ सालीं कोल्हापूर संस्थानानें असा कायदा केला होता, हें ऐकून मला बरें वाटलें. आपल्या महाराष्ट्राचा कायदा १९६७चा.

यानंतर माझी पाळी आली. मीं इंग्रजींत लिहून नेलेला चार पानांचा निबंध वाचला. त्यांत आमच्या कपाटांचें वर्णन व त्यांवरचें संकट होतें. वाचन संपल्यावर एका खेड्यांतल्या वाचनालयाची तरुण ग्रंथपाल उठली. तिचा प्रश्न सरळ होता. "त्या कपाटांतलें पुस्तक शेवटीं कोणाला आणि केव्हां दिलें?"

मला उत्तर देतां येईना. कारण खरें उत्तर असें होतें कीं, तीं पुस्तकें आम्ही देतच नव्हतों. कपाटांची किल्ली एकच, आणि ती माझ्या खिशांत. त्या पुस्तकांची यादीसुद्धां नव्हती; जी होती ती माझ्या डोक्यांत. चार-पांच वर्षांपूर्वीं महाविद्यालयांत शिकणारी आमच्याच गांवची एक मुलगी एका जुन्या मासिकाचे अंक मागावयास आली होती. पानें फाटतील म्हणून मीं नाहीं म्हटलें. "मग येथेंच बसून वाचतें," ती म्हणाली. मीं उद्यां ये म्हणून सांगितलें. दुसऱ्या दिवशीं मला गांवाला जावें लागलें, आणि किल्ली माझ्याबरोबर गेली. ती पुन्हा आली नाहीं. "हीं पुस्तकें कोणी वाचीत नाहीं" ही मंडळाची तक्रार खरी होती. पण तीं कोणी वाचूं नयेत याची तजवीज मींच केली होती, तीही प्रेमापोटीं.

हें सर्व मीं त्या सभेंत सांगितलें. कोणी हंसलें नाहीं. उलट जेवणाच्या वेळीं दोन-तीन वृद्ध ग्रंथपाल माझ्याजवळ येऊन बसले, आणि आपापल्या खिशांतल्या किल्ल्यांविषयीं बोलूं लागले. त्या दिवशीं पानांत डांगर पचडी होती. तंजावरच्या मराठी घरांतला हा पदार्थ. आपल्याकडील उडदाच्या डांगराचाच दक्षिणेकडे गेलेला भाऊ. साडेतीनशें वर्षें ती चव टिकली, ती कोणी कुलुपांत ठेवली म्हणून नव्हे.

गांवीं परतल्यावर मंडळाची बैठक झाली. मीं जुन्याचा अभिमान सांगितला नाहीं. दोनच गोष्टी मागितल्या: यादी करण्यापुरता अवधि, आणि अभ्यासिका त्याच दालनांत करण्याची परवानगी, म्हणजे मुलें आणि पुस्तकें एका छपराखालीं राहतील. दोन्ही मान्य झाल्या. यादी करावयास अभ्यासिकेची वाट पाहणारींच दोन मुलें पुढें आलीं. कांहीं पुस्तकांचा कसरीनें अगदीं भुगा झाला होता. तीं माझ्याच कुलुपाखालीं गेलीं, हें मला लिहून ठेवावें लागलें. कपाटें भिंतीला सरकलीं, मध्यें टेबलें आलीं. यादीची एक प्रत दाराशीं टांगली आहे. किल्ली आतां लेखनिकाच्या मेजाजवळ खिळ्याला असते. त्या कपाटांसाठीं वेगळी नोंदवही घातली असून तींत आजपर्यंत अकरा नोंदी झाल्या आहेत. अकरा ही मोठी संख्या नव्हे, हें मी जाणतों. पण पूर्वीं ती शून्य होती. त्या मुलीचा पत्ता मिळवून तिला एक कार्ड टाकलें आहे. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.

श्रोतेहो, आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं असें एखादें कपाट असेल. आजोबांचीं पुस्तकें, पणजोबांची पोथी, कोणी हात लावूं नये अशी ताकीद. तें कपाट एकदां उघडावें. आंत काय आहे तें एका वहींत लिहावें. आणि ती वही घरांतल्या लहानांच्या हातीं द्यावी, एवढीच माझी विनंती आहे. वेखंडाची पुरचुंडीही जरूर ठेवावी. पण ती ठेवण्यासाठीं कपाट अधूनमधून उघडावें लागतें, हें विसरूं नये.